आनंद नगरातली जलसमाधी

भालचंद्र वझलवारांनी आयुष्यात थोडंफार खोटं बोलायला शिकायला हवं होतं, असं त्यांच्या बायकोचं, अलकाबाईंचं, ठाम मत आहे. खोटं बोलणाऱ्याचं लोक निदान अधूनमधून तरी खरं मानतात. वझलवार जन्मभर खरंच बोलत आले, आणि भोपाळच्या आनंद नगरात त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला असेल तर शपथ.

आता सत्तरी ओलांडली आहे. दोन खोल्या, वर गच्ची, दारात कढीपत्त्याचं झाड, आणि अख्ख्या वस्तीत एकच नाव: नेव्हीकाका. समुद्र इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, त्यामुळे नौदलातला माणूस म्हणजे इथं भलतंच अप्रूप. हबीबगंज स्टेशनाचं नाव बदललं तरी रिक्षावाले हबीबगंजच म्हणतात. तसंच वझलवारांनी कितीही नाही म्हटलं, तरी लोकांच्या लेखी ते पाणबुडी बुडवणारे काकाच.

मुळात हा माणूस नौदलात गेला तोही एका थापेमुळे. वडील नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि कपाटं, पंखे, कारकून असं सगळं सामान भोपाळला आलं. भालचंद्र तेव्हा चार वर्षांचा. पोर नागपूरच्या आठवणीनं भोकाड पसरायचं म्हणून वडिलांनी त्याला मोठ्या तलावाच्या काठावर उभं केलं आणि म्हणाले, "हा बघ समुद्र. आहे का तुझ्या नागपुरात?" पोराचं रडं थांबलं, पण समुद्र डोक्यात बसला तो बसलाच. पुढे शाळेत भूगोलानं घोटाळा निस्तरला, तरी जीव पाण्याकडेच ओढ घेत राहिला. मिसरूड फुटल्या फुटल्या गडी भरतीच्या रांगेत उभा.

तिथं साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, घरी काय करतोस? बाकीची पोरं हुशार. कुणी म्हणालं जोर-बैठका काढतो, कुणी म्हणालं देशसेवेची तयारी करतो. भालचंद्र म्हणाला, आई आजारी असते, मी स्वयंपाक करतो. साहेबांना उत्तर फार आवडलं. त्यांनी त्याला स्वयंपाकी करून टाकलं.

तर असा हा स्वयंपाकी एकाहत्तरच्या डिसेंबरात विशाखापट्टणच्या तळावर होता. त्याच वेळी गाझी नावाची पाकिस्तानी पाणबुडी कराचीहून निघून, अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून तिकडे पोचली होती. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका तिला बुडवायची होती. विक्रांत तिथं नव्हतीच, तिला आधीच लांब नेऊन दडवलं होतं. जी नाही तिला शोधता शोधता गाझी बंदराच्या तोंडाशी बुडाली. आत नव्वदेक माणसं. एकही वाचला नाही. आपण म्हणतो आम्ही बुडवली, ते म्हणतात ती सुरुंगानं गेली. वझलवारांना विचारलं तर ते सांगतात, "मोठा दणका झाला. तावदानं थरथरली. मी सकाळच्या रश्शासाठी कांदे चिरत होतो."

बस. एवढंच. पंधरा वर्षं नौदलात रांधून ते भोपाळला परतले, विजेची यंत्रं करणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले, तिथंही हेच सांगत राहिले. ऐकणारे एकमेकांकडे बघायचे. काय नम्रपणा आहे बघा. मग कुणीतरी डोकं चालवलं की हे सरकारी गुपित असणार, काकांना बोलायची परवानगी नसणार. 'कांदा' हे त्या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं, अशीही एक आवृत्ती निघाली. वझलवारांनी हात टेकले. खरं सांगून सांगून माणूस किती सांगणार?

यंदा गणपतीच्या आधी मंडळाची बैठक झाली. सचिव अनिकेत, वय तिशीचं, विमा कंपनीत नोकरी, जन्म भोपाळचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीच्या फाटकातून आत शिरतो ते त्याला कळत नाही. गेल्या वर्षी देखाव्यात चांद्रयान होतं, दोरीवर वर गेलं होतं. यंदा काहीतरी खाली जायला हवं, असं सर्वांचं म्हणणं पडलं. सगळ्यांच्या माना एकदम वझलवारांकडे वळल्या.

"काका, तुम्ही आमचे टेक्निकल ॲडव्हायजर," अनिकेत म्हणाला.

"मी स्वयंपाकी होतो रे."

"हो काका," अनिकेतनं डोळा मिचकावला. "समझ गए."

देखावा करायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या करोंदहून गोविंद आला. धान्याच्या मंडीच्या बाजूला त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्यानं धान्य साठवायच्या पत्र्याच्या दोन जुन्या कोठ्या आडव्या जोडल्या, वर नळी बसवली, काळा रंग मारला, आणि तोंडाशी पांढरेशुभ्र दात काढले. मंडपाशेजारी खड्डा खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरलं, पाणी भरलं, पाण्यात नीळ कालवली. दोर सैल सोडला की पाणबुडी खाली, कप्पीवरून ओढला की वर.

"पाणबुडीला दात नसतात," टेक्निकल ॲडव्हायजर म्हणाले.

"दांत रहने दो बाऊजी," गोविंद म्हणाला. "बच्चे डरेंगे नहीं तो देखेंगे क्यों?"

वझलवारांनी दात सोडून दिले. त्यांचं दातांवाचून अडलं नव्हतं. त्यांचं अडलं ते अनिकेतच्या निवेदनापाशी. अनिकेतनं स्वतःच्या आवाजात, भरपूर घुमारा लावून ते ध्वनिमुद्रित केलं होतं. समुद्राची गाज, ढोल, मग अनिकेत: "आणि आपल्या शूर जवानांनी दुश्मनाच्या पाणबुडीला दिली... जलसमाधी!" मग धडाम, मग धूर, मग लाल दिवा, आणि कोठ्या बुडबुडे काढत निळीच्या पाण्यात खाली.

सरावाला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. वझलवार म्हणाले, "अनिकेत, यात एक वाक्य घाल."

"बोला ना काका." अनिकेतनं खिशातून फोन काढला. शेवटी गुपित बाहेर येतंय असं त्याला वाटलं असावं.

"आत नव्वदेक माणसं होती. एक स्वयंपाकीही होता."

अनिकेतचा अंगठा फोनवर तसाच राहिला. "स्वयंपाकी? नावबिव माहीत आहे का?"

"नाव कुठून माहीत असणार? पण एवढी माणसं महिनाभर पाण्याखाली राहायची म्हणजे रांधणारा कुणीतरी असणारच. आम्ही इथं कांदे चिरत होतो, तो तिथं चिरत असेल. तेवढं सांग."

"काका, दुश्मन होते ते."

"होतेच. विक्रांतवरची आपली माणसं मारायला आले होते. बुडाले ते बरंच झालं, मी कुठं म्हणतो त्यांना वाचवायला हवं होतं? पण बुडाले म्हणून ओरडून सांगतोस, तर कोण बुडालं तेही सांग की."

"पब्लिकचा मूड डाऊन होईल हो. त्याच्या नंतर लगेच प्रसाद आहे."

वझलवार म्हणाले, "तू जलसमाधी म्हणतोस. समाधी कुणाची असते?"

"संतांची वगैरे."

"समाधीपुढे माणूस काय करतो?"

"हात जोडतो."

"आणि तू टाळ्या वाजवायला लावतोस."

"काका, तो नुसता एक शब्द आहे. बोट बुडाली की पेपरात जलसमाधीच लिहितात." अनिकेत पोरगा वाईट नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं तोंड पडलेलं त्याला बघवेना. "असं करू. शेवटच्या दिवशी तुमचा सत्कार ठेवू. फेटा, शाल, श्रीफळ, सगळं. तेव्हा माईक तुमच्या हातात. स्वयंपाकी म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

घरी येऊन वझलवारांनी हे सांगितलं तेव्हा अलकाबाई गवार मोडत होत्या. त्या नवऱ्याची थट्टा करण्यात वाकबगार, पण त्या दिवशी केली नाही. या माणसाला त्या एका वाक्याची एवढी का पडली आहे हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

गोष्ट तशी लहान. गाझी बुडाल्यावर दोन-तीन दिवसांनी समुद्रानं आतल्या काही जणांना वर आणलं होतं. त्यांना नौदलाच्या रीतीनं पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करायला एक लाँच निघाली. लाँचवरच्यांना चहा लागेल म्हणून मोठ्या आचाऱ्यानं सगळ्यात कच्च्या पोराच्या हातात किटली दिली. असा भालचंद्र वझलवार युद्धावर निघाला. फळीवर कापडात गुंडाळलेलं कुणीतरी होतं. तोंड झाकलेलं, पाय तेवढे बाहेर, एका पायात मोजा आणि दुसरा उघडा. हुकूम झाला, फळी कलली, सगळ्यांचे हात सॅल्यूटला कपाळाशी गेले. उघड्या डोक्यानं नौदलात सॅल्यूट करत नाहीत आणि भालचंद्राच्या डोक्यावर टोपी नव्हती. शिवाय एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात दोरीत ओवलेले मग. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं सगळ्यांना चहा दिला. चहा चांगला झालाय, असं साहेब म्हणाले.

"किटली खाली ठेवायची होतीत," अलकाबाई लग्नानंतर कितीदा तरी म्हणाल्या होत्या.

"लाँच हलत होती गं. सांडली असती."

पन्नासच्या वर वर्षं झाली, तो उघडा पाय वझलवारांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शत्रू होता, मान्य. पण इतक्या लांब येऊन, नसलेलं जहाज शोधून, पाण्यात मेलेल्या माणसाला आपल्याकडून साधा सॅल्यूटही मिळाला नाही, मिळाली ती चहाची वाफ, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. आता माईक मिळणार होता. जे हातानं राहिलं ते निदान तोंडानं होईल.

गणपती बसले आणि गाझी बुडायला लागली. आरती झाली की बुडायची, शाळा सुटली की बुडायची, कुणी पाहुणे हबीबगंजला गाडीतून उतरून थेट मंडपात आले तर त्यांच्यासाठी वेगळी बुडायची. लोकांना वेड लागलं. वस्तीसमोरच्या रायसेन रोडवर गाड्या अडकू लागल्या. वझलवारांची खुर्ची हौदाशेजारी मांडलेली असे, येणारे-जाणारे त्यांच्या पाया पडत आणि दाताळ पाणबुडीसोबत त्यांचे फोटो काढत.

बुडण्याचं त्यांना एवढं काही वाटत नव्हतं. त्रास व्हायचा तो वर येण्याचा. धूर विरला की गोविंद दोर ओढायचा आणि कोठ्या पाणी गाळत, दात विचकत वर यायच्या. खरी वर आली नव्हती. हिची मात्र मरणातूनही सुटका नाही.

"बाऊजी, रोज क्या देखते रहते हो?" गोविंदनं एकदा विचारलं.

"ऊपर आती है, वो देखता हूँ."

"ऊपर नहीं आएगी तो अगला शो कैसे होगा?" गोविंद म्हणाला, आणि या प्रश्नात काही चूक नव्हती.

अनंत चतुर्दशीला दुपारपासून मंडप भरला. पुढच्या खुर्च्यांवर महिला मंडळ. सकाळपासून बाप्पा निघाले, बाप्पा निघाले म्हणून त्यांचे डोळे भरलेले. बाहेर मूर्ती न्यायला ट्रॉली सजवून तयार. त्याआधी सत्कार, सत्कारानंतर पाणबुडीचा शेवटचा खेळ, मग मिरवणूक, असा बेत होता.

अनिकेतनं स्वतःच्या हातानं काकांना भगवा फेटा बांधला, इतका घट्ट की भुवया वर ओढल्या गेल्या. प्रमुख पाहुणे म्हणून कुणीतरी पुढारी आले होते. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, वर जहाजाच्या नांगराच्या आकाराचं एक जड स्मृतिचिन्ह दिलं, आणि माईक हातात धरून जे सुटले ते सुटले. "इन्होंने," ते वझलवारांकडे बोट दाखवून म्हणाले, "अपने इन्हीं हाथों से बटन दबाया था." वझलवारांनी मान हलवून नाही म्हटलं. लोकांनी या नम्रपणाला टाळ्या दिल्या. पुढारी बोलतच होते, आणि मुहूर्त टळत चालला म्हणून भटजी घड्याळाकडे बघत होते.

शेवटी माईक वझलवारांपर्यंत आला. "काका, फक्त एक मिनिट," अनिकेत कुजबुजला.

दहा दिवस मनात घोळवलेलं वाक्य वझलवारांनी सुरू केलं. "मी त्या वेळी कांदे चिरत होतो..."

मंडपानं श्वास घ्यायलाही उसंत दिली नाही. हेच तर ऐकायला सगळे आले होते. टाळ्या, शिट्ट्या, मागून कुणीतरी "कांदा! कांदा!" म्हणून ठेका धरला. "...आणि तसाच त्यांच्यातही एक..." वझलवार बोलत होते, पण ते फक्त पुढच्या रांगेत बसलेल्या अलकाबाईंना ऐकू गेलं, तेही त्यांना आधीच पाठ होतं म्हणून. अनिकेतनं हळूच माईक काढून घेतला आणि गोविंदला खूण केली.

वझलवार शाल, नारळ आणि नांगर सांभाळत हौदाशेजारी येऊन उभे राहिले. एका वाक्याचं काम, तेही झालं नाही. समुद्राची गाज लागली, ढोल वाजले, अनिकेतचा आवाज घुमला: "दिली... जलसमाधी!" धडाम झालं. लाल दिवा लागला. कोठ्या बुडबुडे काढत खाली निघाल्या.

आणि इथं आनंद नगराच्या मराठी मंडळींकडून एक चूक झाली.

समोर अनंत चतुर्दशीचा दिवस, शेजारी गणपती, डोळ्यांत पाणी, आणि काहीतरी सावकाश पाण्यात उतरतंय. महिला मंडळातल्या एका म्हातारीचे हात आपोआप जोडले गेले. शेजारणीचेही गेले. म्हातारीनं ओटीत जपून ठेवलेली फुलं आणि अक्षता हौदात टाकल्या आणि जन्मभराच्या सवयीनं, भरल्या गळ्यानं म्हणाली, "पुढच्या वर्षी लवकर या."

मग कोण थांबतंय. सगळी रांग उभी राहिली. रांगेमागची रांग उभी राहिली. सगळ्या मंडपानं हात जोडून पाकिस्तानच्या पाणबुडीला पुढच्या वर्षी लवकर यायचं आमंत्रण दिलं.

"अरे, वो नहीं!" अनिकेत व्यासपीठावरून हातवारे करत होता. "काकू, ती दुश्मनाची आहे! बाप्पा इकडे आहेत!" त्याचं कोण ऐकणार? पुढाऱ्यांनीही हात जोडले होते. लोक करतात ते करायचं, ही त्यांची आयुष्यभराची साधना.

वझलवार निळीच्या पाण्याकडे बघत होते. दात बुडाले, नळी बुडाली, वर झेंडूच्या पाकळ्या फिरत राहिल्या. त्यांनी एक हात कसाबसा सोडवून डोकं चाचपलं. फेटा. नौदलाच्या नियमात फेट्याबद्दल काय म्हटलंय कोण जाणे, पण डोकं झाकलेलं होतं.

"अलका, धर," ते म्हणाले.

अलकाबाई उठूनच आल्या होत्या. त्यांनी नारळ घेतला, नांगर घेतला, खांद्यावरून घसरणारी शालही काढून घेतली. वझलवारांनी टाचा जुळवल्या. गुडघे दुखले, तरी जुळवल्या. हात फेट्याच्या कडेशी गेला आणि पाण्यावरचे बुडबुडे थांबेपर्यंत तिथंच राहिला.

"झालं?" अलकाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"झालं," वझलवार म्हणाले, आणि फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

तेवढ्यात अनिकेत धावत आला. त्याचा चेहरा उजळला होता. घोटाळ्यातून त्याला एकदम सोनं सापडलं होतं. "काका, क्या बात है! सॅल्यूट! पण फोटो हुकला हो, फोटोवाला तिकडे बाप्पाकडे होता. परत एकदा द्या ना, प्लीज, पेपरला पाठवू. गोविंद, ऊपर निकाल! फिर से डुबाएँगे."

गोविंदनं दोर हातात घेतला, पण ओढला नाही. तो म्हाताऱ्याकडे बघत होता.

"नाही," वझलवार म्हणाले. "विसर्जन झालेलं परत वर काढत नाहीत."

अनिकेतनं एकदा हौदाकडे पाहिलं, एकदा हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. गोविंदनं दोर खुंटीवरून सोडवून पाण्यात टाकला. बाहेर ट्रॉलीचं इंजिन सुरू झालं, आणि अलकाबाई नारळ काखेत मारून म्हणाल्या, "चला, आता खऱ्याला पोचवून येऊ."